दिनविशेष : ६ ऑक्टोबर – रिची बेनॉ यांचा जन्म (१९३०)

ऑस्ट्रेलियाचे कर्णधार, पत्रकार, लेखक आणि समालोचक रिची बेनॉ यांचा जन्म न्यू साउथ वेल्समधील पेनरिथ येथे झाला. वडील शाळाशिक्षक आणि लेगस्पिनर. फिरकी घरातूनच आली. ६३ कसोटींत २४८ बळी आणि २,२०१ धावा. कसोटीत २०० बळी आणि २,००० धावा असा दुहेरी पराक्रम करणारे ते पहिलेच. २८ कसोटींत नेतृत्व केले, पण एकही मालिका गमावली नाही. १९६१ मध्ये मँचेस्टरला अखेरच्या दिवशी, खांदा दुखावलेला असताना त्यांनी राउंड द विकेट येऊन बुटांनी उकरलेल्या खडबडीत जागेवर चेंडू टाकले. इंग्लंडचा पीटर मे शून्यावर पायांमागून त्रिफळाचीत झाला आणि हातचा गेलेला सामना ऑस्ट्रेलियाने ५४ धावांनी जिंकला.

खेळत असतानाच ते सिडनीच्या ‘द सन’मध्ये गुन्हेवार्ता लिहीत. १९५६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर त्यांनी ‘बीबीसी’त दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेतले. पुढे बीबीसी, चॅनल फोर आणि ऑस्ट्रेलियातील चॅनल नाइनवरून त्यांचा आवाज अनेक दशके घरोघरी पोहोचला. १९७७ मध्ये माध्यमसम्राट केरी पॅकर यांच्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटच्या उभारणीतही त्यांचा सल्ला मोलाचा ठरला. स्तंभलेखन आणि पुस्तके सुरूच होती.

पडद्यावर दिसते त्यात भर घालता येत असेल, तरच बोलावे, हा त्यांचा दंडक. आजच्या अखंड बडबडीत तो प्रत्येक समालोचकाने गिरवावा असा आहे. १० एप्रिल २०१५ रोजी सिडनीत त्यांचे निधन झाले.