‘आपण कोण’ ते ‘आपण काय केले’ : सरकारी मुलाखतीचा प्रवास

जबलपूर शहरालगतच्या महाराजपूरसारख्या ठिकाणी, किंवा महाराष्ट्राबाहेर कोठेही, मराठी घरांतून स्पर्धा परीक्षांना बसणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात. लेखी परीक्षेची तयारी पुस्तकांनी होते; मुलाखतीची कशाने करावी? अलीकडे या प्रश्नात ‘क्षमताधारित मुलाखत’ या नव्या शब्दाची भर पडली आहे. उमेदवाराचे पाठांतर वा रुबाब न पाहता, त्याने प्रत्यक्ष एखाद्या प्रसंगी काय केले यावरून त्याची पारख करणारी ही पद्धत. तिची तयारी करण्यापूर्वी ती कोणत्या दोषावरील उपाय म्हणून आली, हे जाणून घेणे हिताचे ठरेल.

मेकॉलेच्या समितीने १८५४ साली अहवाल दिला आणि १८५५ पासून भारताच्या सनदी सेवेत वशिल्याऐवजी खुल्या स्पर्धेने प्रवेश मिळू लागला. परीक्षा लंडनमध्ये होत असे. १८६९ साली उत्तीर्ण झालेल्या चार भारतीयांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्त यांच्याबरोबर श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मराठी नाव होते. बॅनर्जी आणि ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून वगळण्यात आली. चालू वर्ष धरून वय सांगण्याची आपली रीत इंग्रजी हिशेबात बसत नव्हती. प्रकरण लंडनच्या न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर दोघांनाही सेवेत घेण्यात आले. दरवाजा खुला असला तरी उंबरठा उंच होता. तथापि उत्तरपत्रिकेला चेहरा नसतो, एवढा न्याय लेखी परीक्षेत निश्चित होता.

पुढे ‘केवळ पुस्तकी हुशारी पुरेशी नाही’ हा विचार बळावला. ब्रिटनमध्ये १९१७ साली लेदेस समितीने तोंडी परीक्षेची शिफारस केली आणि भारतीय सेवेच्या निवडीतही ती रूढ झाली. १९२२ पासून परीक्षा अलाहाबादेस होऊ लागली. १९२६ मध्ये लोकसेवा आयोग स्थापन झाला. विचार चुकीचा नव्हता. जिल्ह्याचा कारभार पाहणारा अधिकारी माणसांशी कसा वागेल, हे निबंधावरून कळत नाही. परंतु अर्ध्या तासाच्या गप्पांतून तरी ते कळते काय?

या प्रश्नाचे बोलके उत्तर १९५० च्या परीक्षेच्या गुणपत्रकात आहे. त्या वर्षी पहिले आलेल्या एन. कृष्णन यांना लेखी परीक्षेत १०५० पैकी ६०२ आणि मुलाखतीत ३०० पैकी २६० गुण होते. अच्युतानंद दास यांना लेखी परीक्षेत ६०९, म्हणजे कृष्णन यांच्याहून सात गुण अधिक होते. मुलाखतीत त्यांना मिळाले ११०. अनुसूचित जातीतून भारतीय प्रशासकीय सेवेत आलेले दास हे पहिले अधिकारी. ते यादीत अगदी शेवटी गेले. लेखी परीक्षेत जवळपास समान असलेल्या दोन तरुणांत मुलाखतीने दीडशे गुणांचे अंतर पाडले. मंडळाच्या मनात काय होते हे गुणपत्रक सांगत नाही. पण प्रश्न मोकळे आणि निकष अलिखित असले की उच्चार, पेहराव व घरचे वळण यांनाच ‘व्यक्तिमत्त्व’ समजले जाण्याचा धोका असतो, हे मात्र ते सांगते.

यावर पहिला उपाय झाला तो मुलाखतीचे वजन आवरण्याचा. मुलाखतीत किमान गुण मिळवण्याची अट १९५७ मध्ये काढून टाकण्यात आली. हरियाणाच्या निवडीसंबंधीच्या अशोक कुमार यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुलाखतीसाठी ३३.३ व २२.२ टक्के गुण ठेवणे अवाजवी ठरवले आणि केंद्रीय आयोगाचे १२.२ टक्क्यांचे प्रमाण मार्गदर्शक मानले. आज केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. केंद्राच्या कनिष्ठ पदांसाठी तर १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच बंद झाली.

दुसरा उपाय प्रश्नच बदलण्याचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लॅनगन यांनी १९५४ साली नोकरीतील निर्णायक प्रसंग गोळा करून कामाचे निकष ठरवण्याची रीत मांडली. १९७३ साली डेव्हिड मॅक्लेलंड यांनी बुद्धिमापनापेक्षा प्रत्यक्ष क्षमतेची चाचणी घ्यावी, असे प्रतिपादन केले. याच मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्रातील काकीनाडा येथे लघुउद्योजकांवर आपले प्रयोग केले होते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१४ साली सनदी सेवांसाठी २५ क्षमतांचा कोश प्रसिद्ध केला. नीतिमत्ता, समता, कार्यक्षमता अशा गटांत त्यांची मांडणी आहे. २०२० च्या ‘मिशन कर्मयोगी’तही प्रशिक्षणाचा पाया क्षमता हाच आहे. केंद्रीय आयोगाची मुलाखत अजूनही मुख्यतः मोकळ्या संभाषणाची आहे, हे लक्षात ठेवावे; पण प्रश्नांचा कल ओळखता आला पाहिजे.

दोन पद्धतींतील फरक जबलपूरच्याच उदाहरणाने पाहू. २२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर या भागात भूकंप झाला. ‘नर्मदेच्या खोऱ्यात भूकंप का होतात?’ हा जुन्या धर्तीचा प्रश्न. त्याचे उत्तर पुस्तकात मिळेल. ‘माहिती अपुरी असताना आपणांस निर्णय घ्यावा लागला, असा एखादा प्रसंग सांगा,’ हा क्षमताधारित प्रश्न. त्याचे उत्तर उमेदवाराच्या आयुष्यातच असावे लागते.

म्हणून तयारी आठवणीपासून सुरू करावी. महाविद्यालय, घर, नोकरी, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाचे हिशेब, यांतील आठ-दहा खरे प्रसंग वहीत लिहावेत. प्रत्येकात चार गोष्टी हव्यात : परिस्थिती काय होती, आपल्यावर जबाबदारी कोणती होती, आपण नेमके काय केले, परिणाम काय झाला. यांपैकी तिसरी सर्वांत महत्त्वाची. आपल्या घरांत स्वतःच्या कामाबद्दल बोलणे अशिष्ट मानतात, त्यामुळे मुले ‘आम्ही केले’ असेच म्हणत राहतात. मंडळाला ‘मी’ने केलेला वाटा ऐकायचा असतो, तो श्रेय न लाटता सांगता येतो. वर्गणीचा हिशेब जुळला नाही तेव्हा कोणाला विचारले, कोणता पर्याय नाकारला व का, हे तपशील खऱ्या अनुभवातूनच येतात. विकत घेतलेली तयार गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला उघडी पडते. भाषेचे दडपणही बाळगू नये. केंद्रीय आयोगापुढे मराठीतून मुलाखत देता येते.

ही पद्धत निर्दोष नाही. ज्याला संधी अधिक मिळाल्या त्याच्याकडे सांगण्याजोगे प्रसंगही अधिक असतात. म्हणून सर्वांना समान प्रश्न, आधी ठरलेले निकष आणि गुण देण्यापूर्वी केलेली टिपणे, ही शिस्त मंडळानेही पाळली पाहिजे. ती पाळली गेली तर मात्र साध्या घरातील उमेदवारास त्याचे वळण नव्हे, त्याची कृती पुढे ठेवता येते. गेल्या शतकातील मुलाखतीने सर्वांनाच ती संधी दिली नव्हती.