ना फुल, ना रिकामी

धानाची फवारणी संपली की गोंदिया जिल्ह्यात बॅटरीवाला पंप घराच्या कोपऱ्यात जातो. तो ठेवताना जाणती माणसं न चुकता बजावतात: बॅटरी फुल करून ठेव, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चार्जिंगला लाव. सल्ला चोख आहे. अशा बहुतेक पंपांत शिशाची १२ व्होल्टची बॅटरी असते. शिशाची बॅटरी उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि मग ती चार्जच घेत नाही. पण त्याच घरातल्या पोराने बोडीत चालवायला रिमोटची बोट आणली आणि तिची चंदेरी पाकिटातली लिपो बॅटरी याच सल्ल्याने फुल करून ठेवली, तर उन्हाळा सरेपर्यंत ती फुगून टम्म झालेली सापडू शकते.

लिपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा, रिवाज वेगळा आहे. वापर नसेल तेव्हा दर सेलला साधारण ३.८ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवायचा. फुल नाही, रिकामी नाही. बॅटऱ्यांच्या घराण्यातला हा सर्वांत धाकटा रिवाज. तो नीट पाळला जात नाही, कारण थोरल्यांचे रिवाज अजून लोकांच्या अंगवळणी आहेत.

या घराण्यातली थोरली म्हणजे शिशाची बॅटरी. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी ती १८५९ मध्ये केली. रिमोटच्या बोटीचा जन्म त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झाला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या विद्युत प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात एक छोटी बोट तारेविना चालवून दाखवली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना तिचं पेटंट मिळालं. बोटीचा पंखा आणि सुकाणू फिरवणारी वीज तिच्या पोटातल्या बॅटरीतूनच येत होती. हौशी बोट आणि बॅटरी यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

मधली पिढी निकेल-कॅडमियमची. स्वीडनच्या वाल्डेमार युंग्नर यांनी ती १८९९ मध्ये शोधली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी बोटी, मोटारी, विमानं बरीच वर्षं तिच्यावरच चालली. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केली तर तिची क्षमता घटते, असा अनुभव होता. म्हणून बॅटरी पूर्ण उतरवायची, मगच चार्ज करायची, असं वळण पडलं. रिकामी ठेवली तरी तिचं काही बिघडत नसे. सुरुवातीच्या मोबाइल फोनांतही निकेलच्याच बॅटऱ्या असल्याने हे वळण घरोघर पोचलं. आजही मोबाइलच्या दुकानात ‘एकदा पूर्ण उतरू द्या’ असं ऐकायला मिळतं. ज्या बॅटरीसाठी ते बरोबर होतं, ती फोनमधून केव्हाच गेली.

लिथियमच्या बाबतीत काळजी घ्यायला आगीने शिकवलं. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम अमेरिकेतल्या एक्सॉनमध्ये शुद्ध लिथियम धातूची बॅटरी करत होते. चार्ज करताना त्या धातूला सुईसारखे फाटे फुटायचे, ते पलीकडच्या टोकाला टेकले की शॉर्ट आणि जाळ. अग्निशमन दलाला प्रयोगशाळेत इतक्या वेळा धावावं लागलं की, लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे प्रयोगशाळेकडूनच घेऊ, अशी तंबी दलाने दिली. पुढे कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या, पण १९८९ मध्ये जपानात फोन पेटल्यावर त्या परत घ्याव्या लागल्या. धातूचा रस्ता तिथेच अडला.

दुसरा रस्ता १९८० मध्येच खुला झाला होता. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरलं. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी समोरच्या बाजूला धातूऐवजी कार्बन घातला आणि १९९१ मध्ये सोनीने ही लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पॉलिमरचा धागा वेगळा. १९७३ मध्ये ब्रिटनच्या पीटर राइट यांना एका प्लास्टिकमधून आयन वाहतात असं आढळलं, १९७८ मध्ये मिशेल आर्मां यांनी त्याची बॅटरी करण्याची कल्पना मांडली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बेलकोर कंपनीने जेलवजा पॉलिमर वापरून ती कारखान्यात होण्याजोगी केली. धातूच्या डब्याची गरज संपली, चंदेरी पाकीट पुरलं. बॅटरी हलकी झाली, पण आतल्या वायूला दाबून धरणारी भिंतही गेली. म्हणूनच लिपो फुगलेली डोळ्यांना दिसते.

निम्म्याचा रिवाज कोबाल्ट ऑक्साइडच्या स्वभावातून आला आहे. चार्ज होताना त्याच्यातून लिथियम बाहेर पडत जातं. साधारण निम्मं लिथियम निघालं की सेल ४.२ व्होल्टवर येतो. त्यापुढे ताणलं तर त्याची घडण ढासळते आणि ऑक्सिजन सुटू लागतो. ४.२ वर थांबलं तरी आतल्या द्रावणावर ताण असतोच. ते हळूहळू विघटित होतं, वायू होतो आणि उष्णता ही क्रिया झपाट्याने वाढवते. उलट सेल फार खाली गेला तर तांब्याचा पत्रा विरघळतो आणि पुढच्या चार्जिंगला तेच तांबं भलतीकडे साचून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. म्हणून वापरताना दर सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि ठेवताना मधोमध ठेवायचा. चांगल्या चार्जरमध्ये आता ‘स्टोरेज’ नावाची सोय असते: बॅटरी जास्त भरलेली असेल तर ती उतरवते, कमी असेल तर भरते.

ही सोय नसेल तेव्हा निकेलच्या काळातला, बॅटरी उतरवायचा बल्ब कामाला येतो. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. तीन सेलची, २२०० मिलीअँपिअर-तासांची भरलेली लिपो त्यावर साधारण ४० मिनिटांत निम्म्यावर येते. मात्र बल्बला कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि इथेच घात होतो. मल्टिमीटर हातात धरून समोर बसावं लागतं. तीन सेलच्या बॅटरीला जाड तारांखेरीज चार बारीक तारांचा पांढरा प्लग असतो. त्याच्या लगतच्या दोन-दोन टोकांत मोजलं की प्रत्येक सेल वेगळा कळतो. सगळ्या बॅटरीचा आकडा बरा दिसतो आणि एक सेल मात्र बुडालेला असतो, असं पुष्कळदा घडतं.

बोटीत हे जास्त जपावं लागतं. पंख्यात शेवाळ किंवा जाळ्याचा धागा अडकला की करंट एकदम चढतो. मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, दोन्हींची वाण नसते. मच्छीमार संस्थेची जाळी कुठे लागली आहेत ते ढिवर बांधवांना आधी विचारणं हे सौजन्यही आहे आणि बॅटरीची राखणही. बोटीचं पोट पाणी शिरू नये म्हणून बंद असतं, त्यामुळे उष्णता कोंडते आणि कमी व्होल्टेजचा बझर आत वाजला तरी काठावर ऐकू येत नाही. तेव्हा घड्याळ लावून ५००० पैकी ४००० मिलीअँपिअर-तासांपर्यंतच वापरावं, काठावर येताच बॅटरी बाहेर काढावी आणि थंड झाल्यावर स्टोरेजला लावावी. नवेगावबांधचं पाणी कितीही मोहात पाडणारं असलं, तरी व्याघ्र प्रकल्पाच्या आणि पाहुण्या पक्ष्यांच्या जागी बोट नेऊच नये.

जपून ठेवण्याची खरी परीक्षा नवतपाच्या दिवसांत होते. मेअखेरीस पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तोवर बोडी आटलेली, बोट बंद, म्हणजे बॅटरी सर्वांत जास्त पडून असते ती नेमकी याच काळात. कवेलूच्या घरातली खालची, सावलीची, हवेशीर खोली तिला बरी. तळाशी कोरडी रेती घातलेलं रुंद तोंडाचं मातीचं मडकं आणि वर सैल झाकण ही व्यवस्था कुंभाराकडून सहज होते. हवाबंद डबा मात्र नको, कारण वायू कोंडला की स्फोटाची भीती. चार्जिंग जागेपणी, समोर बसून, पलंगापासून दूर करावं. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. ती बॅटरी कितीतरी मोठी होती, पण जळण्याची जात तीच. धूर विषारी असतो. पेटलीच तर आधी माणसं बाहेर काढावीत.

हौशी लोकांचा हा अर्धवट चार्जचा रिवाज विमानांच्या नियमांतही निराळ्या रूपाने आला. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ एक मालवाहू बोइंग ७४७ कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालात आग लागली होती. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्याला बंदी आली, आणि मालवाहू विमानातून पाठवताना चार्ज ३० टक्क्यांहून जास्त नको असं ठरलं. प्रवाशाने सुटी बॅटरी हातातल्या सामानातच न्यायची. बिरसी विमानतळावरून निघणाऱ्या हौशी माणसाने हिशेब करून ठेवावा: तीन सेलची ५००० ची बॅटरी ५५.५ वॅट-तासांची, ती चालते. सहा सेलची १११ ची, आणि १०० च्या वर विमान कंपनीची परवानगी लागते.

फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्जिंगला तर लावूच नये. ती उघड्यावर, बल्बवर अगदी शून्यापर्यंत उतरवावी. इथे निकेलचा जुना रिवाज बरोबर ठरतो, कारण आता ती वाचवायची नसते. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण खाऱ्या पाण्यात टोकंच आधी गंजून तुटतात आणि वीज आत राहून जाते. बल्बवर उतरवून झाली की टोकांना चिकटपट्टी लावून ती विकणाऱ्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कबाड्याला द्यायची नाही, कारण तांब्यासाठी ती हातोडीने फोडली जाते, आणि फोडणाऱ्याला आत काय आहे ते कुणी सांगितलेलं नसतं.