यादीबाहेरची परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ परभणीच्या माणसाला गाव विचारलं की ही ओळ हमखास ऐकू येते. दुसरी म्हण जरा टोचणारी आहे: ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ पहिलीत मिरवणं, दुसरीत चिमटा. आणि परभणीकर दोन्ही हसत हसत सांगतो. पण मराठी मुलखातली ही दुसरी म्हण दखनी वळणाची कशी? त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास तुमच्या फोनच्या कीबोर्डपर्यंत येऊन पोचलाय.

१९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. घरात आणि शेतात मराठी, बाजारात दखनी, कचेरीत उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तेही उर्दू माध्यमाचं. इंग्रजी सोडून देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. पण परभणीहून तिथं जाणाऱ्या मराठी पोरासाठी ती भाषाही परकीच. शिकायचं तर आपली बोली दाराबाहेर ठेवायची, हा धडा इथं तेव्हापासूनचा.

याच काळात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांचं मोठं सर्वेक्षण केलं. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात पुण्याकडची मराठी आली, कोकणातली आली, वऱ्हाडीही आली. पण मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान हे भाग सर्वेक्षणाच्या कक्षेतच नव्हते. म्हणजे परभणीत लोक मराठी बोलत होते, फक्त ती टिपून घ्यायला कुणी आलं नाही.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. शाळेत आता मराठी होती, पण प्रमाण मराठी. घरी ‘काय करायलास?’ विचारलं की ‘जेवायलो’ हे उत्तर अगदी सरळ. वर्गात मात्र ‘काय करतोयस?’ आणि ‘जेवतोय’ हेच शुद्ध. ‘कामून’ म्हटलं की हशा, ‘का’ म्हटलं की शाबासकी. बोली पुन्हा दाराबाहेर.

आता तिसरं दार आहे इंटरनेटचं. परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूरची पोरं जगभरातल्या प्रोग्रामरांबरोबर काम करतात. तिथली भाषा इंग्रजी, आणि तिच्यात ‘हॅक’, ‘बग’, ‘पॅच’ असे शब्द. ते ऐकून वाटतं, ही ज्ञानाची भारदस्त भाषा असणार. तशी ती नाही. ‘पॅच’ म्हणजे ठिगळ. ‘बग’ म्हणजे किडा. ‘हॅक’ हा शब्द या अर्थानं रुजला तो अमेरिकेतल्या एमआयटीत, खेळण्यातल्या रेल्वेचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांच्या क्लबात, १९५० च्या दशकाच्या शेवटी. ही त्या पोरांची आपसातली बोलीच होती.

मग ती जगाची कशी झाली? अमेरिकेचा पैसा आणि तिथली यंत्रं हे मोठं कारण आहेच. पण आणखी एक गोष्ट घडली. १९७५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये राफाएल फिंकेल यांनी या शब्दांची यादी करायला घेतली. ती ‘जार्गन फाइल’ हातोहात वाढत गेली आणि १९८३ मध्ये तिचं पुस्तक निघालं. आपल्या बोलीची नोंद त्यांनी स्वतःच केली. कुण्या ग्रिअर्सनची वाट पाहिली नाही.

मराठीलाही जागा मागूनच मिळाली आहे. ‘ॲप’मधला ‘ॲ’ घ्या. मराठीत तो रोज लागतो, पण युनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळालं २००८ मध्ये. नवं अक्षर हवं असेल तर तिथं पुराव्यासह प्रस्ताव द्यावा लागतो. नुसतं रुसून बसलं तर काही होत नाही.

परभणीच्या बोलीला नवं अक्षर नको आहे. ‘करायलाय’ लिहायला लागणारं सगळं कीबोर्डवर आहे. कमी आहे तो मजकूर. कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो तो आधी लिहिलेल्या मजकुरावरून. आवाज ओळखणारं यंत्र शिकतं ते आधी ऐकलेल्या आवाजांवरून. त्यात ‘करायलाय’ फारसं नसेल तर यंत्र ‘करतोय’कडेच ओढणार. शाळेतल्या मास्तरांना निदान कळायचं तरी, की पोरगं काय म्हणतंय.

यादी मात्र आता उघडी आहे. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पात कुणीही मराठीत आवाज देऊ शकतो, आणि आपली बोलण्याची ढब कुठली हे स्वतःच्या शब्दांत लिहू शकतो. तो साठा जगात कुणालाही फुकट वापरता येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन लोकांचं बोलणं नोंदवलं. जे काम १९०५ मध्ये हैदराबादच्या सीमेशी थांबलं होतं, ते असं उशिरा का होईना पुढं सरकलं.

पण अभ्यासक येतात, नोंद करतात आणि जातात. मोंढ्यात भाव कसा फुटतो, गुत्तेदार रस्त्याचं काम कसं उरकतो, हे त्या त्या शब्दांत रोज लिहिणारे परभणीचेच लोक असायला हवेत. जर्मनीतल्या पोराला ‘कामून’चा अर्थ कळला नाही तर तो विचारेल. तुम्हीही ‘हॅक’चा अर्थ कधीतरी असाच विचारला असेल.