उपऱ्यांची कैफियत

पूर्वीच्या न्यायाच्या कामांत वादी व प्रतिवादी या दोघांच्याहि कैफियती लिहून घेण्याची रीत असे. निवाडा कसाहि लागो, हरणाराचें म्हणणें काय होतें, एवढें तरी कागदावर राही. परंतु कित्येक समाज असे असतात कीं, त्यांच्याविरुद्धचे निवाडे दप्तरांत सांपडतात, पण त्यांची कैफियत तेथें सांपडत नाहीं. ती शोधावयाची तर त्यांच्या गाण्यांकडे वळावें लागतें. वेस्ट इंडीज बेटांतून ब्रिटनमध्यें जाऊन राहिलेल्या कृष्णवर्णीय लोकांची स्थिति अशीच होती. त्यांची कैफियत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं थोड्या बोलपटांनीं व अनुबोधपटांनीं लिहून ठेविली. हे पट मोठ्या कंपन्यांचे नव्हते. अल्प भांडवलावर, स्वतंत्र बुद्धीच्या माणसांनीं ते काढले. त्यांचा इतिहास म्हणजे त्या कैफियतीच्या अडवणुकीचाहि इतिहास होय.

या हकीकतीचा आरंभ गाण्यानेंच झाला. ता. २२ जून १९४८ रोजीं 'एम्पायर विंडरश' या आगबोटीनें आलेले शेंकडों वेस्ट इंडियन लोक टिलबरी बंदरांत उतरले. त्यांत त्रिनिदादचा ऑल्डविन रॉबर्ट्‌स हा गायक होता. 'लॉर्ड किचनर' या नांवानें तो प्रसिद्ध होता. वार्तापट काढणारांनीं कॅमेरा पुढें करतांच त्यानें लंडनची तोंड भरून स्तुति करणारें, स्वतः रचलेलें एक गाणें म्हणून दाखविलें. युद्धानें थकलेल्या ब्रिटनला कामकरी हात हवे होते. इस्पितळांत, आगगाड्यांवर व बसगाड्यांवर या लोकांना काम मिळालें. पण हातांना काम मिळालें तरी माणसांना घर मिळेना. १९५८ मध्यें लंडनच्या नॉटिंग हिल भागांत गोऱ्या टोळक्यांनीं त्यांच्या घरांवर हल्ले चढविले. बंदरावरचें तें गाणें दहा वर्षांतच खोटें ठरलें.

पुढें या लोकांचीं मुलें लंडनमध्येंच जन्मलीं, तेथल्या शाळांत शिकलीं, आणि तरीहि उपरींच राहिलीं. रस्त्यांत त्यांची गांठ एका जुन्या कायद्याशीं पडे. नेपोलियनच्या युद्धानंतर बेकार होऊन भटकणाऱ्या शिपायांचा व भिकाऱ्यांचा बंदोबस्त करण्याकरितां १८२४ मध्यें इंग्लंडांत एक कायदा झाला होता. त्याच्या चौथ्या कलमान्वयें, गुन्ह्याच्या इराद्यानें हिंडणाऱ्या 'संशयित इसमास' पकडतां येई. चोरी झालेली दाखवावी लागत नसे. दोन पोलिसांनीं शपथेवर संशय सांगितला कीं पुरे. खटलाहि ज्यूरीपुढें न चालतां मॅजिस्ट्रेटपुढें चाले. 'सस' या त्रोटक नांवानें कुप्रसिद्ध झालेलें हें कलम दीडशें वर्षांनंतर कृष्णवर्णीय तरुणांवर, त्यांच्या संख्येच्या मानानें फारच अधिक प्रमाणांत, लावलें जाऊं लागलें. हिंदुस्थानांत १८७१ साली झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची हकीकत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस संशयालाच पुरावा मानणारी ही रीत अपरिचित वाटणार नाहीं.

गोऱ्यांच्या क्लबांचीं दारें बंद असल्यामुळें या तरुणांनीं आपलीं गाण्याचीं ठिकाणें आपणच उभारलीं. घरांच्या तळघरांत किंवा भाड्याच्या सभागृहांत ते माणसाच्या उंचीचे, स्वहस्तें बनविलेले कर्णे मांडीत. गायकाचा आवाज वगळलेली जमेकाची तबकडी लावावयाची आणि तिच्या तालावर एकानें ध्वनिक्षेपकापुढें उभें राहून आपली हकीकत गात-बोलत सांगावयाची, असा तो प्रकार. त्यास 'साउंड सिस्टीम' म्हणत. बेकारी, मारहाण, देवाचा धांवा, थट्टामस्करी, सर्व कांहीं त्यांत येई. शेजाऱ्यांस तो गोंगाट वाटे व पोलिसांस उपद्रव. त्या तरुणांस मात्र तेवढी एकच जागा स्वतःची वाटे.

हें जग पडद्यावर आणण्याचा पहिला मान त्रिनिदादहून आलेल्या होरेस ओव्हे यांचा. १९७० साली वेम्बली येथें झालेल्या कॅरिबियन संगीतोत्सवाच्या आधारें त्यांनीं 'रेगे' हा अनुबोधपट काढला. नंतर कादंबरीकार सॅम्युएल सेल्व्हन यांच्यासह कथा लिहून त्यांनीं 'प्रेशर' (१९७६) हा बोलपट केला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ब्रिटनमधील हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट समजला जातो. त्याचा नायक टोनी लंडनमध्येंच जन्मलेला व शाळेंत हुशार. परंतु नोकरी मागावयास गेला कीं त्याच्या प्रमाणपत्राआधीं त्याचा चेहरा पाहिला जातो. चित्रपटास पैसा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट या संस्थेनें दिला आणि पोलिसी दांडगाईच्या दृश्यांमुळें सुमारें दोन वर्षें तो अडकून पडला तोहि तिच्याच हातीं. याच ओव्हे यांस २०२२ साली 'सर' ही पदवी देण्यांत आली. २०२३ मध्यें ते निवर्तले.

दुसरें नांव फ्रँको रोसो यांचें. हे वर्णानें गोरे, पण जन्मानें इटालियन. बालपणींच इंग्लंडांत आल्यामुळें परकेपण म्हणजे काय हें त्यांस ठाऊक होतें. लिंटन क्वेसी जॉन्सन हा जमेकाचा कवि रेगेच्या ठेक्यावर स्वतःच्या कविता म्हणत असे. त्याच्यावर रोसो यांनीं १९७९ मध्यें 'ड्रेड बीट ॲन्ड ब्लड' हा अनुबोधपट केला. त्या वर्षीं पार्लमेंटची निवडणूक होती आणि कवीची टीका मिसेस थॅचर यांनाहि झोंबणारी होती, तेव्हां बी. बी. सी.नें निवडणूक पार पडेपर्यंत त्याचें प्रक्षेपण लांबणीवर टाकलें.

रोसो यांच्या सर्वांत गाजलेल्या बोलपटामागें एक खरा खटला आहे. डेनिस बोव्हेल हा बार्बाडोसमध्यें जन्मलेला वादक लंडनमध्यें एक साउंड सिस्टीम चालवी. १९७४ मध्यें क्रिकलवुड भागांतील एका क्लबांत त्याचा कार्यक्रम चालू असतांना पोलीस आंत शिरले आणि दंगल उसळली. ध्वनिक्षेपकावरून लोकांस चिथावल्याचा ठपका बोव्हेलवर आला व तीन वर्षांची शिक्षा झाली. सुमारें सहा महिने तुरुंगांत काढल्यावर अपिलांत तो सुटला. निर्दोष माणसाचे सहा महिने परत देण्याची सोय कोणत्याहि कायद्यांत नाहीं. बोव्हेलनें मात्र त्यांची भरपाई निराळ्या रीतीनें केली: १९८० साली रोसो यांनीं 'बॅबिलन' हा बोलपट काढला, त्याचें संगीत बोव्हेलचें आहे.

'बॅबिलन'ची कथा रोसो व मार्टिन स्टेलमन यांनीं लिहिली. बी. बी. सी.नें प्रथम रस दाखवून मग अंग काढून घेतलें. शेवटीं राष्ट्रीय चित्रपट अर्थसाहाय्य मंडळाच्या मदतीनें, अवघ्या सहा आठवड्यांत, दक्षिण लंडनच्या डेप्टफर्ड व ब्रिक्स्टन भागांत तो चित्रित झाला. नायक ब्लू हा दिवसा मोटारी दुरुस्त करतो आणि रात्रीं गातो. ही भूमिका 'ॲस्वॉड' या वाद्यवृंदाचा गायक ब्रिन्सली फोर्ड यानें केली. मालकाशीं खटका उडून ब्लूची नोकरी जाते. रात्रीं रस्त्यांत साध्या वेषांतले पोलीस त्याचा पाठलाग करून त्याला मारतात, आणि आरोपहि त्याच्यावरच ठेवतात. मित्रांनीं जमविलेलें यंत्रसाहित्य द्वेष्टे लोक फोडून टाकतात. शेवटीं संताप अनावर होऊन ब्लूच्या हातून एकावर वार होतो. लेखकांनीं त्याला देवदूत केलेला नाहीं, आणि त्याचा गुन्हाहि झांकलेला नाहीं. तो तेथवर कोणत्या पायऱ्यांनीं आला तेवढें दाखविलें आहे. अखेरच्या दृश्यांत बाहेरून पोलीस सभागृहाचें दार फोडीत आहेत आणि ब्लू ध्वनिक्षेपक न सोडतां गात आहे.

कान येथील महोत्सवांत समीक्षकांच्या विभागांत हा पट दाखविला गेला. ब्रिटनमध्यें मात्र त्यास 'एक्स' प्रमाणपत्र मिळालें. म्हणजे ज्या पोरांची ती हकीकत, त्यांतील अठरा वर्षांखालच्यांस ती पाहण्याची मनाई. वांशिक तेढ वाढेल या भीतीनें न्यू यॉर्कच्या महोत्सवानेंहि तो नाकारला. अमेरिकेंतील चित्रगृहांत तो २०१९ साली, म्हणजे तब्बल ३९ वर्षांनीं पोंचला.

ज्या तेढीची भीति होती, ती चित्रपट अडवून अडली नाहीं. ता. १८ जानेवारी १९८१ रोजीं डेप्टफर्डच्या शेजारींच न्यू क्रॉस येथें एका वाढदिवसाच्या मेळाव्यांत आग लागून १३ तरुण-तरुणी मेलीं. १९८१ व २००४ अशी दोनदां चौकशी होऊनहि आगीच्या कारणाचा निर्णय लागला नाहीं. कोणावर खटलाहि झाला नाहीं. २ मार्च रोजीं सुमारें २०,००० लोकांनीं लंडनमधून मोर्चा नेला. ती हकीकत मेनेलिक शबाझ यांनीं पुढील वर्षीं एका लहानशा अनुबोधपटांत नोंदली. एप्रिलांत ब्रिक्स्टन पेटलें. त्याच वर्षीं, १५७ वर्षांनंतर, 'सस' कलम रद्द झालें.

१९८२ मध्यें 'चॅनल फोर' ही दूरचित्रवाणी निघाल्यावर अशा पटांस कांहींसें हक्काचें दार मिळालें. १९८५ च्या दंगलींवर जॉन अकोम्फ्रा यांनीं केलेला 'हँड्सवर्थ साँग्ज' (१९८६) हा तेथल्याच आश्रयाचा. या वाहिनीवर बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे अधिकारी म्हणून १९८४ पासून अनेक वर्षें काम करणारे फारूख धोंडी हे मूळचे पुण्याचे. ब्रिटनमधील कृष्णवर्णीयांच्या चळवळींत ते स्वतः वावरलेले होते. २०२० साली स्टीव्ह मॅक्वीन यांनीं खुद्द बी. बी. सी.वरच याच काळाच्या हकीकती चित्रमालिकेच्या रूपानें मांडल्या, आणि त्यांतील एका कथेंत वृद्ध झालेले बोव्हेलहि दिसले. एकेकाळीं अंग काढून घेणाऱ्या घरांतच ही कैफियत अखेर वाचली गेली.

चित्रपटांनीं कायदा बदलला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तो मोर्चांनीं, वकिलांनीं व आयांनीं बदलविला. चित्रपटांनीं एवढेंच केलें कीं, दाव्याची दुसरी बाजू नाहींशी होऊं दिली नाहीं. दारावर धक्के मारणारांनीं काय पाहिलें, तें पोलिसांच्या दप्तरांत आहेच. दाराच्या आंत काय गाइलें जात होतें, हें ज्यास जाणून घ्यावयाचें असेल, त्यास या थोड्या पटांकडेच जावें लागेल.