शब्दवेध : अ‍ॅडव्हेंट

नाताळाआधीच्या चार रविवारांचा हा काळ. मराठी ख्रिस्ती मंडळी त्याला ‘आगमनकाळ’ म्हणतात, आणि हे भाषांतर वाटतं त्याहून नेमकं आहे. लॅटिन ‘आद्वेंतुस’ म्हणजे ‘आद’ (कडे) अधिक ‘वेनिरे’ (येणे). गंमत अशी, की हे ‘वेनिरे’ आणि आपला ‘गम्’ धातू एकाच आदिम मुळाचे. भावंडंच म्हणा ना!

शब्द मुळात चर्चचा नव्हे. रोमन सम्राट वाजतगाजत नगरात प्रवेश करी, तो ‘आद्वेंतुस’; त्याची नाणीही पाडत. पुढे तोच शब्द गोठ्यात जन्मलेल्या बाळाला लागला.

३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी हा काळ लागतो आणि पाश्चात्त्य चर्चचं उपासनावर्षही तेव्हाच उघडतं. म्हणजे नवं वर्ष सुरू होतं ते जल्लोषाने नव्हे, वाट पाहण्याने. पाडव्याला गोडधोड करणाऱ्या आपल्याला हे जरा अजबच.

मुलांना मात्र वाट पाहवत नाही. ‘नाताळ कधी?’ या त्यांच्या भुणभुणीवर हॅम्बुर्गमध्ये अनाथगृह चालवणाऱ्या योहान विखेर्न यांनी १८३९मध्ये गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोज एक छोटी तांबडी पेटवायची, रविवारी मोठी पांढरी.