सोलापूरचा किल्ला आणि नगरची लग्नं

श्रोतेहो, नगर शहरातून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं, की पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवर डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. शाळांच्या सहली तिथं जातात. पोरं धापा टाकत वर चढतात, खाली पसरलेलं नगर पाहतात, आणि गुरुजी त्यांना चांदबिबीच्या शौर्याची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे, पण जागा चुकीची आहे. ती इमारत महाल नाही, आणि चांदबिबीची तर नाहीच. ती कबर आहे सलाबतखानाची. हा मुर्तझा निजामशहाचा वजीर. मोठा कर्तबगार माणूस. नगरजवळच्या फराहबागेचं काम त्यानंच १५८३ मध्ये पुरं करून घेतलं.

पण आज मी त्याच्या बांधकामांविषयी बोलणार नाही. त्यानं एक लग्न अडवून धरलं होतं, त्याविषयी बोलणार आहे. नवरी विजापूरहून नगरला येऊन पोचली होती, आणि वजिरानं सांगितलं, आधी सोलापूरचा किल्ला द्या, मग लग्न! त्या नवरीबरोबर पाठराखीण म्हणून कोण आली होती, माहीत आहे? खुद्द चांदबिबी.

ही गोष्ट नीट समजायला साठ वर्षं मागं जावं लागतं. पण त्याआधी आपल्या मांडवात थोडं डोकावू.

खेड्यात प्रत्येक लग्नाला एक कारभारी असतो. मांडव किती मोठा घालायचा, आचारी कोणता सांगायचा, पाण्याची सोय काय, वऱ्हाड कुठं उतरवायचं, फेटा कोणाला आणि टॉवेल-टोपी कोणाला, आणि कोणाचं नाव आधी पुकारायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. आता मंगल कार्यालयं झाली, जेवणाचा ठेका देता येतो, तरी कारभारी लागतोच. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पण भावकीत लग्न निघालं की हिशेबाची वही माझ्याकडे येते. ‘सर, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा,’ असं म्हणतात. या वहीनं मला एक गोष्ट शिकवली. जेवणात मीठ कमी पडलं तर लोक दोन दिवस बोलतात. बोलणीत काही कमी पडलं तर दोन पिढ्या बोलत राहतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. मुहूर्त जवळ आला, लोकांच्या मुठीत अक्षता होत्या, आणि मुलाचे मामा उठून म्हणाले, ‘मोटारसायकल ठरली होती, ती कुठं आहे?’ मुलीच्या वडिलांनी विचारलं, ‘कोणाशी ठरली?’ ‘मध्यस्थांशी.’ ‘मला तर ठाऊक नाही!’ मध्यस्थ खाली मान घालून उभे. सोयरीक मोडू नये म्हणून ते त्या बाजूला ‘होईल’ म्हणाले होते, आणि या बाजूला काही बोललेच नव्हते. दीड तास लग्न खोळंबलं. शेवटी मुलीच्या चुलत्यानं शब्द आपल्या अंगावर घेतला आणि अक्षता पडल्या. मी वहीत एक ओळ वाढवली. हुंडा घेणं आणि देणं हा १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे मी वर्गात सांगतो. त्या दिवशी मांडवात मात्र मी तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर मला आठवला तो १५२४ सालचा सोलापूरचा मांडव.

त्या साली नगरचा दुसरा सुलतान बुऱ्हाण निजामशहा आणि विजापूरचा इस्माईल आदिलशहा सोलापुरास भेटले. ही भेट घडवून आणली ती बुऱ्हाणशहाचा सल्लागार, विद्वान शाह ताहिर यानं. विजापूरकडून बोलणी करणारा होता असदखान. याला बेळगावचा असदखान म्हणून आपण ओळखतो. इस्माईलची बहीण बीबी मरियम हिचं लग्न बुऱ्हाणशहाशी लागलं. थाटमाट झाला, मेजवान्या झाल्या. मग नगरकरांनी विचारलं, सोलापूरचा किल्ला कधी ताब्यात देता? बोलणी चालू असताना असदखानानं तो मुलीच्या लग्नात देऊ म्हणून कबूल केलं होतं. इस्माईल म्हणाला, असं काही मला ठाऊक नाही; माझ्या परवानगीवाचून कोणी कबूल केलं असेल, तर त्याला मी बांधलेला नाही!

श्रोतेहो, चारशे-पाचशे वर्षांत बोलण्याची तऱ्हा काही फारशी बदललेली दिसत नाही. तिथं किल्ला होता, इथं मोटारसायकल; एवढाच फरक.

त्या वेळी शाह ताहिरच्या सल्ल्यानं बुऱ्हाणशहा गप्प बसला आणि नवरीला घेऊन नगरला परतला. पण मनातली अढी गेली नाही. पुढच्याच वर्षी वऱ्हाडचा इमादशहा आणि बिदरचा बरीद यांना बरोबर घेऊन तो सोलापूरवर चालून गेला. लढाईत उन्हानं आणि तहानेनं त्याला घेरी आली. माणसांनी त्याला पालखीत घालून रणातून बाहेर काढलं. नगरच्या फौजेचा पराभव झाला. आणि मरियमचं काय झालं? सासरी आधीची राणी आमिना होती, सुलतानाची मर्जी तिच्यावर होती. मरियमनं आपल्या हालांची तक्रार भावाकडे पाठवली, आणि त्यावरूनही दोन दरबारांत वितुष्ट वाढलं. ज्या लग्नानं दोन घराणी जोडायची, त्याच लग्नानं ती लढायला उभी केली. पुढं १५५२ च्या सुमारास विजयनगरच्या रामरायाशी हातमिळवणी करून बुऱ्हाणशहानं सोलापूर घेतलं. लग्नात मिळालं नाही ते असं तलवारीनं मिळवलं.

आता दुसरं लग्न. बुऱ्हाणशहाचा मुलगा हुसेन निजामशहा गादीवर होता. त्या काळी लग्न म्हणजे तहाचं कलम असे. हुसेनशहाची एक मुलगी गोवळकोंड्याच्या इब्राहीम कुतुबशहाला दिली होती; ते लग्न तर कल्याणीच्या किल्ल्याला वेढा घालायला निघालेल्या फौजेच्या तळावर १५६३ मध्ये लागलं. पुढं विजयनगरविरुद्ध सगळ्या सुलतानांनी एक व्हायचं ठरलं. अडचण एकच होती, नगर आणि विजापूर यांचं हाडवैर. ते मिटवायला गोवळकोंड्याचा मुत्सद्दी मुस्तफाखान मध्यस्थ झाला. तो आधी नगरला गेला, मग विजापूरला.

त्यानं जे ठरवलं, त्याला आपल्याकडे साटंलोटं म्हणतात. हुसेनशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला द्यायची, आणि अलीची बहीण हदिया सुलतान हुसेनशहाचा मुलगा मुर्तझा याला करायची. एका घरची मुलगी त्या घरी, त्या घरची या घरी. आणि चांदबिबीबरोबर आंदण काय? सोलापूरचा किल्ला. ज्या किल्ल्यासाठी चाळीस वर्षं रक्त सांडलं, तो लग्नाच्या यादीत विजापूरला परत गेला. या वेळी मात्र कोणी म्हणालं नाही की मला ठाऊक नव्हतं. मध्यस्थानं दोन्ही दरबारांत जाऊन एकच गोष्ट सांगितली होती आणि कबूल झालेली वस्तू खरोखर हाती पडली. लग्नं झाली, आणि २३ जानेवारी १५६५ रोजी एकत्र झालेल्या फौजांनी राक्षसतागडीच्या लढाईत रामरायाचा पराभव केला. कारभारी म्हणून पाहिलं, तर मुस्तफाखानाचं काम चोख म्हणावं लागेल.

पण श्रोतेहो, चोख काम म्हणजे चांगलं काम, असं दर वेळी नसतं. चांदबिबी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. तिच्या अंगावरचे दागिने लोक विसरले असतील. तिच्यामागून आलेला किल्ला कोणी विसरलं नाही.

आता येऊ सलाबतखानाकडे. अली आदिलशहा १५८० मध्ये मारला गेला. चांदबिबीला मूल नव्हतं. अलीचा लहान पुतण्या इब्राहीम गादीवर आला आणि त्याला सांभाळण्याचं काम तिनं केलं. या इब्राहीमची बहीण खदिजा सुलतान. तिचं लग्न नगरचा राजपुत्र मिरान हुसेन, म्हणजे मुर्तझाचा मुलगा, याच्याशी ठरलं. १५८४ मध्ये खदिजा नगरला आली आणि तिच्याबरोबर चांदबिबी माहेरी आली. मुर्तझा चांदबिबीचा सख्खा भाऊ. एका नात्यानं ती वराची आत्या, दुसऱ्या नात्यानं वधूची चुलती. दोन्ही घरची माणूस.

मुर्तझाशहा त्या वेळी एकांतात राहत असे, राज्यकारभार सलाबतखान पाहत असे. त्यानं हिशेब मांडला, वीस वर्षांपूर्वी आपण दिलेलं सोलापूर परत मिळवायची हीच संधी आहे. नवरी आपल्या घरात आहे. किल्ला आल्याशिवाय लग्न लावायचं नाही. विजापूरकर म्हणाले, लग्न लावा, नाहीतर मुलगी परत पाठवा. खान दोन्हीला तयार होईना. पुढं इब्राहीम आदिलशहाची फौज सरहद्दीवर आली आणि तिनं औशाला वेढा घातला. तेव्हा कुठं मुर्तझाशहाचं लक्ष वेधलं गेलं आणि तो वजिरावर संतापला. सलाबतखानानं विचारलं, मला कोणत्या किल्ल्यात ठेवायचं ते सांगावं. सुलतान म्हणाला, दंडाराजपुरी. मित्रांनी बंड करण्याचा सल्ला दिला. पण खानानं स्वतःच्या पायांत बेड्या घालून घेतल्या आणि तो कैदेत गेला. अशी त्याची स्वामिनिष्ठा. नव्या वजिरानं विजापूरशी तह केला आणि ते अडलेलं लग्न लागलं. सोलापूर काही आलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकवत नाही. १५८८ मध्ये मिरान हुसेननं आपल्या बापाला ठार केलं, आणि दुसऱ्याच वर्षी तो स्वतः मारला गेला. खदिजा विधवा झाली आणि तिला विजापूरला परत पाठवण्यात आलं. जिच्यासाठी किल्ला मागितला, तिचा संसार असा संपला.

हे सगळं आपल्याला कसं कळतं? मुख्यतः फिरिश्ता या फारसी इतिहासकारामुळे. तो लहानपणापासून नगरला वाढला. त्याचे वडील राजपुत्र मिरान हुसेनला फारसी शिकवत. तेव्हा तो अडलेल्या लग्नातला नवरदेव फिरिश्त्याचा बालपणीचा सहाध्यायी होता. पुढं तो विजापूरच्या चाकरीत गेला. आणि १६०४ मध्ये इब्राहीम आदिलशहाच्या मुलीचं लग्न अकबराचा मुलगा दानियाल याच्याशी झालं, तेव्हा शाहजादीच्या पालखीबरोबर हा इतिहासकारच होता! ते लग्न गोदावरीकाठी पैठणला लागलं. पलीकडच्या तीरावर आपल्या शेवगाव तालुक्यातलं मुंगी गाव आहे. तिथून फिरिश्ता पालखीबरोबर बुऱ्हाणपूरपर्यंत गेला. वर्षभरातच दानियाल दारूपायी मेला. म्हणजे लग्नाची जबाबदारी काय असते, हे फिरिश्त्यानं पुस्तकात लिहिलं आणि वऱ्हाडात चालूनही पाहिलं.

त्याच्या ग्रंथात मध्यस्थांची नावं आहेत, किल्ल्यांची नावं आहेत, फौजा आहेत. मरियमची तक्रारही आहे. पण तीसुद्धा लढाईचं कारण म्हणून आली आहे. लग्न खोळंबलं त्या दिवसांत खदिजाला काय वाटलं असेल, चांदबिबीनं तिला काय सांगून धीर दिला असेल, याची ओळ नाही. मी फिरिश्त्याला दोष कसा देऊ? माझ्याही वहीत तांदूळ आहे, साखर आहे, मांडववाल्याची उचल आहे, मोटारसायकल आहे. तो दीड तास मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसलेल्या मुलीची एक ओळ नाही. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून लग्नं जमवणाऱ्या आणि पार पाडणाऱ्या माझ्या भावांना एवढंच सांगायचं आहे. एक, मध्यस्थानं एकाच गोष्टीला दोन दारांत दोन उत्तरं देऊ नयेत. असदखानाच्या एका शब्दानं चाळीस वर्षं पेटती ठेवली. दोन, बोलणी उघड चारचौघांत व्हावीत. आपल्या भागात यादी करायला बसलेली माणसं तिथंच लग्न लावून मोकळी होतात. त्याला ‘यादी पे शादी’ म्हणतात. रुसायला आणि अडवायला त्यात वेळच उरत नाही. तीन, आणि हे मुख्य. यादी चोख असली तरी तिच्यात हुंडा लिहायचाच नाही. वस्तूवर उभं केलेलं लग्न त्या वस्तूपाशीच अडतं, आणि अडतं तेव्हा मध्ये मुलगी सापडते.

चांदबिबीची शेवटची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १५९५ च्या अखेरीस मोगलांचा वेढा पडला, तेव्हा नगरचा किल्ला लढवला तो सोलापूरचा किल्ला आंदण देऊन सासरी पाठवलेल्या या लेकीनं. गुरुजनांनी पुढच्या सहलीला मुलांना डोंगरावर न्यावं, ही कबर कोणाची ते खरं सांगावं आणि तिथंच बसून या अडलेल्या लग्नाची गोष्टही सांगावी. ऐकणाऱ्यांत उद्याचे नवरदेव असतील, उद्याचे मामा असतील, आणि वही सांभाळणारा एखादा कारभारीही असेल.