विजयस्कंधावार आणि पडीक शेत

रोम येथील टायटसच्या कमानीवर जेरूसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या वस्तूंची मिरवणूक कोरलेली आहे. सातवाहनकालीन महाराष्ट्रात विजयाची स्मृती कोणत्या रूपाने टिकली, हे त्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

अवसरी खुर्द ज्या आंबेगाव तालुक्यात मोडते, त्याच्या उत्तरेस जुन्नर तालुका लागतो. जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा, ४६ या वर्षाचा लेख आहे. हा प्रदेश तेव्हा क्षहरातांच्या सत्तेखाली होता, हे त्यावरून सिद्ध होते. गौतमीपुत्र सातकर्णीने ती सत्ता नष्ट केली. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उठविलेला आहे.

या विजयाचा लेखी पुरावा नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात मिळतो. राज्यवर्ष १८ मधील राजाज्ञा ‘विजयखधावारा’तून, म्हणजे विजयी सेनेच्या छावणीतून, निघालेली आहे. संस्कृत ‘स्कंधावार’ शब्दातील आद्य ‘स्क’चा येथे ‘ख’ झाला आहे. शब्द रणभूमीवरचा, आज्ञा मात्र शेताविषयीची. नहपानाचा जावई उषवदात याच्या उपभोगात असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे, असे राजा गोवर्धनच्या अमात्यास कळवितो. त्या शेतास जे परिहार दिले, त्यांतील पहिला ‘अपावेस’ हा होय: राजपुरुषांनी तेथे प्रवेश करू नये. जिंकणाऱ्या राजाने आपल्याच माणसांस घातलेली ही मर्यादा आहे.

सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, राजा व राजमाता यांच्या नावे दुसरी आज्ञा निघाली. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, असे तीत स्पष्ट नमूद आहे. म्हणून नगरसीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने देण्यात आली.

पुढे पुळुमावीच्या १९ व्या वर्षी गौतमी बलश्रीने त्याच लेण्यात पुत्राची प्रशस्ती कोरविली. क्षहरातवंश निरवशेष करणारा, असे तीत त्याचे वर्णन आहे. तो लेखही दानाचाच आहे. प्रशस्तीतील विशेषणे अभ्यासकांस पाठ असतात. परंतु विजयाचे मोल ठरविताना ती विशेषणे आणि ते न कसलेले शेत, दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत.